श्रीसंत गाडगेमहाराज आणि गावोगावच्या धर्मशाळा

आपल्या कुळात एखादा थोर पुरुष जन्मास आला तर त्या कुळातील मुलाबाळांना त्याचा अभिमान वाटावा, यात वावगे काहीच नाही. आपल्या परीट समाजातील लहानमोठ्या प्रत्येक घरात श्रीसंत गाडगेमहाराजांची तसबीर असते. त्यांची जयंती आणि पुण्यतिथी आपण भक्तिभावाने साजरी करतो. परंतु अभिमान बाळगणे ही एक गोष्ट आणि ज्याचा अभिमान बाळगावयाचा त्याने काय केले व कसे केले हे नीट समजून घेणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली सोपी आहे. दुसरीस थोडे कष्ट पडतात. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने महाराजांविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या सर्वपरिचित चरित्रातील कोणता भाग ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा असा विचार मनात आला. त्यांच्या कीर्तनांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. म्हणून घाट, धर्मशाळा, सदावर्ते आणि गावसफाई अशी जी लोकोपयोगी कामे त्यांनी गावोगावी उभी केली, ती कोणत्या रीतीने उभी राहिली, याकडे या लेखात विशेष लक्ष देण्याचे योजिले आहे. आपल्या गावात समाजमंदिर बांधावयाचे असो की जुन्या घाटाची दुरुस्ती करावयाची असो, त्या रीतीचा उपयोग आपणांस आजही होण्यासारखा आहे.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, वऱ्हाडातील शेंडगाव या खेड्यात झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीच्या बाजूस आहे. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे नाव सखुबाई आणि आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. घर परिटाचे, म्हणजे गावगाड्यातील बलुतेदाराचे. गावाचे कपडे धुवावेत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन बलुत्याचे धान्य मागून आणावे, अशी त्या काळची रीत होती. गावाचा मळ ज्याने काढावयाचा त्यालाच गावाने खालच्या पायरीवर बसवावयाचे, हा त्या व्यवस्थेतील अन्याय आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसलेला आहे.

त्या दिवसांत आपल्या ज्ञातीत दारूची व देवापुढे पशुबळी देण्याची रूढी फार बोकाळली होती. देवकार्य असो, बारसे असो की तेरावे असो, मद्यमांसावाचून पंगत उठत नसे. झिंगराजी या रूढीला बळी पडले. दारूच्या व्यसनाने घर धुऊन नेले आणि इ.स. १८८४ मध्ये ऐन उमेदीत त्यांचा अंत झाला. डेबूजी त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते. सखुबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी, आल्या. पूर्णा नदीच्या काठच्या या गावी मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजींचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्यांना दिसले नाही. गुरे राखणे, शेत नांगरणे, पिकाला पाणी देणे यांतच त्यांचे शिक्षण झाले. पूर्णेच्या पाण्यात ते उत्तम पोहत आणि शेतकामात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

परंतु मामांच्या घरावरही संकट आले. शिक्षण नाही, हिशेब कळत नाही, अशा शेतकऱ्याची जी गत त्या काळी गावोगावी होत असे तीच चंद्रभानजींची झाली. सावकाराच्या कर्जात जमीन गुंतली आणि त्या चिंतेतच ते वारले. वडिलांना दारूने नेले आणि मामांना कर्जाने. पुढे आयुष्यभर महाराज कीर्तनात दारू सोडा, कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा हेच सांगत राहिले. हा उपदेश त्यांनी पोथीतून घेतलेला नव्हता. आपल्या घरात जे डोळ्यांनी पाहिले तेच ते लोकांस सांगत होते.

इ.स. १८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशाच्या वेळी जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची पंगत होणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण घातले. आज आपणांस यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळी जातीच्या पंगतीत जातीचा रिवाज मोडणे म्हणजे भाऊबंदांचा रोष पत्करणे होते. समाजसुधारणेचा पहिला धडा त्यांनी दुसऱ्या कोणाला देण्याआधी आपल्या घरी गिरवला आणि तोही आपल्याच ज्ञातीच्या लोकांसमोर, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गृहत्याग

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजींनी घर सोडले. वृद्ध आई, पत्नी आणि मुले मागे राहिली. या घटनेकडे पाहताना आपणां प्रापंचिकांचे मन थोडे अडखळते आणि ते अडखळावे हे योग्यच आहे. कुंताबाईंनी आणि सखुबाईंनी पुढे जे दिवस काढले त्यांची आठवण ठेवल्यावाचून महाराजांच्या त्यागाचे मोल पुरते कळणार नाही. त्याग एकाने केला. त्याची किंमत मात्र सर्व घराने दिली.

त्यानंतर सुमारे बारा वर्षे त्यांनी भ्रमंतीत काढली. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीच्या मडक्याची खापरी आणि हाती खराटा, असा त्यांचा वेष असे. त्या खापरीतच ते भाकरी खात आणि पाणी पीत. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडले आणि कुंभाराच्या आव्यातील सर्वांत स्वस्त वस्तूचे नाव त्यांना चिकटले. त्यांनीही ते आनंदाने धारण केले.

कोणत्याही गावी गेले की ते प्रथम झाडावयास लागत. कोणास काही सांगणे नाही, कोणाची निंदा नाही. देवळापुढचा कचरा, चावडीपुढची घाण, पाणवठ्याजवळचा चिखल खराट्याने साफ करावयाचा, कोणाचे लाकूड फोडून द्यावयाचे, कोणाच्या शेतात राबावयाचे आणि मग भाकरीचा तुकडा मागावयाचा. काम केल्यावाचून खाणे त्यांना मान्य नव्हते. एक चिंध्या पांघरलेला माणूस आपल्या दारातील घाण काढतो आहे हे पाहून गावकरी ओशाळत आणि तेही हाती खराटा घेत. संध्याकाळी तेथेच कीर्तन होई. लोक पाया पडू लागले की त्यांना ते मुळीच खपत नसे आणि सकाळी लोक जागे होईपर्यंत ते पुढच्या गावी गेलेले असत.

येथे एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष अभिमानाने नोंदवावी असे वाटते. वाडवडिलांचा धंदा मळ काढण्याचा. महाराजांनी तो धंदा टाकला नाही. त्याचा विस्तार केला. गावच्या कपड्यांचा मळ आपल्या पूर्वजांनी नदीवर धुतला, तर गावच्या रस्त्यांचा, पाणवठ्यांचा आणि मनांचा मळ काढण्याचे काम महाराजांनी अंगावर घेतले. ज्या कामाला समाज हलके समजत होता त्याच कामापुढे पुढे मंत्र्यांनी आणि विद्वानांनी मान लवविली.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते आणि आसपासच्या खेड्यांतील हजारो माणसे पूर्णेत स्नानाला येतात. नदीचा काठ चिखलाचा. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या वेळी बायाबापड्या, म्हातारीकोतारी माणसे त्या चिखलातून घसरत पाण्यापर्यंत जात आणि स्नान करून वर येताना पुन्हा चिखलाने माखत. वर्षानुवर्षे हे चालले होते. सर्वांना त्रास होत होता, म्हणूनच कोणा एकाचे ते काम नव्हते. असे आपल्या गावांत नेहमीच होते.

महाराजांनी हे पाहिले आणि दगडमाती वाहून स्वतःच काठ बांधावयास प्रारंभ केला. एकट्याला काम करताना पाहून आणखी माणसे पुढे आली. त्यातून इ.स. १९०८ च्या सुमारास पूर्णेवर घाट झाला. महाराजांच्या हातून उभे राहिलेले लोकोपयोगी बांधकाम म्हणून त्याची पहिली नोंद केली जाते. यात्रेत येणाऱ्या आंधळ्यापांगळ्यांना अन्न आणि वस्त्रे देण्याचा प्रघातही त्यांनी ऋणमोचन येथे घातला.

या घाटाच्या कामात पुढील सर्व कामांची रीत दिसून येते. प्रथम ते जागा निवडीत. जेथे गरीब माणूस मोठ्या संख्येने येतो आणि जेथे त्याला काही तरी अडचण सोसावी लागते, अशी ती जागा असे. नंतर ते स्वतः कामाला हात घालीत. मग कीर्तनातून लोकांना त्या कामाचे महत्त्व पटवून देत. लोक पैसे देऊ लागले की ते स्वतःच्या हाती घेत नसत. गावातील विश्वासू माणसाकडे किंवा काम करणाऱ्याकडे परस्पर द्यावयास सांगत. काम पुरे झाले की ते विश्वस्तांच्या स्वाधीन करीत आणि आपला खराटा घेऊन निघून जात. पाच पायऱ्यांची ही रीत दिसावयास साधी आहे. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या संस्थेत काम केले आहे त्यांना मात्र शेवटच्या दोन पायऱ्या किती अवघड असतात हे सांगावयास नको.

पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा

आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास लाखो वारकरी लोटतात. ज्यांची ऐपत होती त्यांना उतरावयास वाडे होते, फडकऱ्यांचे मठ होते. परंतु ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्यांनी कोठे उतरावे? संत चोखोबांच्या नावाने विठ्ठलाचा गजर करावयाचा आणि चोखोबांच्या जातीच्या माणसाने उन्हापावसात वाळवंटात रात्र काढावयाची, असा तो प्रकार होता. मंदिराच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. तिच्या पलीकडे या लोकांना पाऊल टाकता येत नव्हते. इ.स. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले. त्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, इ.स. १९१७ मध्ये, महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम उभे केले.

मंदिराचे दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. डोक्यावर छप्पर देणे हाती होते, ते त्यांनी केले. स्वतः ते पंढरपुरात असले की दर्शनाच्या रांगेत क्वचितच दिसत. यात्रेकरूंनी केलेली घाण चंद्रभागेच्या वाळवंटातून झाडून काढण्यात त्यांचा दिवस जाई. यात्रेच्या ठिकाणी अस्वच्छतेमुळे पटकीची साथ उद्भवत असे आणि ती वारकऱ्यांबरोबर खेडोपाडी पोहोचत असे, हे ज्यांनी जुन्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना या झाडलोटीचे मोल कळेल.

या धर्मशाळेची पुढची हकीकत तर आणखी मोलाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी महाराजांच्या मनात अपार आदर होता. शाळेत न गेलेल्या या साधूला विद्येची जेवढी थोरवी कळली होती तेवढी पुष्कळ शिकलेल्यांनाही कळत नाही. इ.स. १९४९ मध्ये महाराजांनी पंढरपूरची ही चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडत असेल तर ती त्यांना द्यावी, हा विचार त्यामागे होता. इमारत ज्या हेतूने बांधली त्याहून मोठा हेतू पुढे आला तर ती सोडून द्यावी, एवढे मन मोठे असावे लागते.

पंढरपुराखेरीज आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर, मूर्तिजापूर इत्यादी ठिकाणीही त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर येथे इ.स. १९२५ च्या सुमारास गोरक्षणाचे कार्य सुरू होऊन पुढे धर्मशाळा आणि विद्यालयही झाले. मुंबईस जे. जे. रुग्णालयात खेड्यापाड्यांतून रोगी येत. रोग्याला खाट मिळे. पण त्याच्या सोबतच्या माणसाने रस्त्याच्या कडेला पडून राहावे लागे. या लोकांसाठी इ.स. १९५४ मध्ये तेथे धर्मशाळा झाली. क्षेत्राच्या ठिकाणी देवाच्या दारी येणाऱ्याची जी सोय करावयाची तीच रुग्णालयाच्या दारी येणाऱ्याचीही करावयास हवी, असा विचार त्या काळी फार थोड्यांना सुचला असेल.

निर्ममता

एवढ्या वास्तू उभ्या केल्या, परंतु त्यांपैकी एकीवरही महाराजांनी मालकी सांगितली नाही. त्यांचे स्वतःचे कुटुंबीय मूर्तिजापुरास आले तेव्हा त्यांनी त्यांना धर्मशाळेत ठेवले नाही. बाहेर झोपडीत ठेवले. धर्मशाळा लोकांच्या पैशांची आहे, आपल्या माणसांचा तीवर इतरांहून अधिक अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे असे. आज आपणांस हे कठोर वाटेल. कुंताबाईंनाही ते कठोर वाटले असले तर नवल नाही. परंतु सार्वजनिक संस्थेत पहिली सवलत चालकाच्या घरच्यांना दिली की दुसरी सवलत मागावयास लोक रांग लावतात, आणि मग धर्मशाळेचा वाडा व्हावयास वेळ लागत नाही.

इ.स. १९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद वारला. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. या प्रसंगाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आपण त्यावर अधिक भाष्य करू नये हेच बरे. बापाच्या अंतःकरणात त्या वेळी काय झाले असेल ते ज्याचे त्याने जाणावे.

त्यांनी कोणास गुरुमंत्र दिला नाही, कोणास शिष्य मानले नाही आणि गादी तर स्थापन केलीच नाही. कामाची व्यवस्था नीट राहावी म्हणून दिनांक ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली. त्या संस्थेमार्फत पुढे धर्मशाळांबरोबर आश्रमशाळा व वसतिगृहेही चालू झाली. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्या नावाने शाळा निघाल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी इ.स. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे महाविद्यालय काढले तेव्हा त्यास सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले. अमरावतीच्या विद्यापीठासही इ.स. २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. जेवणाची ताटे विकून हातावर भाकरी खावी लागली तरी चालेल, पण मुलाला शाळेत घाला, असे सांगत ते हिंडले. शिक्षकी पेशात सारे आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला महाराजांच्या सर्व उपदेशांत हा उपदेश सर्वांहून जवळचा वाटला तर वाचकांनी ते समजून घ्यावे. वर्गात फाटक्या सदऱ्यानिशी पहिल्या बाकावर बसलेला मुलगा पाहिला की त्याच्या मागे कोणी तरी ताट विकले आहे याची जाणीव होत असे.

महाराजांची कीर्तने प्रश्नोत्तररूप असत. ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. भाषा वऱ्हाडी आणि उदाहरणे रोजच्या जगण्यातील. देव दगडात आहे की भुकेल्यात, नवसाने मुले होतात काय, बकरे मारून देव प्रसन्न होतो काय, असे ते विचारीत आणि समोरच्या भोळ्याभाबड्या माणसास आपल्या मनाशी विचार करावयास लावीत. त्यांचे अखेरचे कीर्तन दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात झाले. दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दुःखाने महाराज खचले. प्रकृती आधीच ढासळली होती. दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. नदीकाठी वाढलेला आणि नदीवर घाट बांधून कार्यास आरंभ केलेला हा पुरुष नदीपाशीच विसावला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

आपला समाज आणि महाराज

आता थोडे आपल्याविषयी. महाराजांना कोणी जात विचारली तर ते सरळ उत्तर देत नसत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. त्यांच्या भंडाऱ्यात जातवार पंगती बसत नसत. अशा पुरुषाचे चरित्र जातीच्या स्मरणिकेत छापावे काय, असा प्रश्न एखाद्या तरुण वाचकाच्या मनात आल्यास त्यास मी दोष देणार नाही. प्रश्न योग्यच आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर असे की, ज्ञातीची संस्था ही आपल्या माणसांना हात देऊन वर आणण्यासाठी असावी. इतरांना दाराबाहेर ठेवण्यासाठी असू नये. आपल्यातील गरीब मुलास वसतिगृहात जागा देणे, विधवा भगिनीस आधार देणे, लग्नातील खर्च आणि व्यसने कमी करणे ही कामे महाराजांना मान्यच झाली असती, कारण त्यांनी स्वतः सुधारणेचा आरंभ घरच्या बारशापासून केला. परंतु आपल्या समाजमंदिराच्या दाराशी रात्री आलेल्या वाटसरूस प्रथम जात विचारली जात असेल, तर भिंतीवरील तसबीर उतरवून ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

दुसरी गोष्ट निगेची. आपल्याकडे बांधकामास देणगी मिळते, कारण कोनशिलेवर नाव येते. बांधलेल्या वास्तूच्या झाडलोटीस, गळके छप्पर दुरुस्त करण्यास, संडासांच्या स्वच्छतेस देणगी मिळत नाही, कारण त्यांची कोनशिला बसत नाही. गावोगावी जुने घाट, बारवा, धर्मशाळा यांची जी दैना दिसते तिचे कारण बहुधा हेच आहे. कोणी तरी पुण्यवान माणसाने बांधून ठेवले, त्याच्या नातवंडांच्या काळात पायऱ्यांत पिंपळ उगवला आणि आता तेथे गावचा कचरा पडतो. महाराजांच्या एका हाती बांधकाम होते तर दुसऱ्या हाती खराटा होता. खराटा पहिला आणि बांधकाम दुसरे, असा त्यांचा क्रम होता. महाराष्ट्र शासनाने इ.स. २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि पुष्कळ खेड्यांचे रूप त्याने पालटले. तपासणीचा दिवस उलटल्यावर ज्या गावांनी खराटा खाली ठेवला नाही, तीच गावे महाराजांचे नाव घेण्यास खरी पात्र होत.

तिसरी गोष्ट हिशेबाची. महाराजांनी पैशास हात लावला नाही म्हणून लोकांनी त्यांच्या शब्दावर पैसे दिले. आपल्या गावातील समाजकार्यात भांडणे होतात ती बहुतेक पैशांवरून किंवा मानपानावरून. जमाखर्चाचा कागद दर महिन्यास समाजमंदिराच्या फलकावर लावला आणि कार्यकारी मंडळींनी ठराविक मुदतीनंतर आपण होऊन तरुणांस जागा करून दिली, तर अर्धी भांडणे आपोआप मिटतील.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस माझी एवढीच नम्र सूचना आहे. येत्या २३ फेब्रुवारीस आणि २० डिसेंबरास मिरवणूक अवश्य काढावी, परंतु सकाळी मिरवणुकीच्या आधी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील एक जुना घाट, एक विहीर किंवा एक धर्मशाळा निवडून ती साफ करावी. ती कोणत्या जातीच्या माणसाने बांधली आणि कोणत्या जातीची माणसे तिचा उपयोग करतात हे पाहू नये. वृद्धांकडून त्या वास्तूची माहिती विचारून मुलांनी ती वहीत लिहून ठेवावी; कोणी बांधली, केव्हा बांधली, दगड कोठून आणला, पाणी किती काळ टिकते, हे लिहिता लिहिता मुलांना आपल्या गावाचा इतिहास कळेल. नंतर त्या एका वास्तूची निगा वर्षभर त्या शाखेने पाहावी. यास फार पैसा लागत नाही. सकाळचे दोन तास, दहा खराटे आणि चार टोपल्या एवढे साहित्य पुरे होते.

आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके गावाचे कपडे स्वच्छ केले आणि त्याबद्दल गावाने त्यांना पायरीखाली बसविले. त्याच कुळात जन्मलेल्या एका निरक्षर माणसाने स्वच्छतेलाच पूजेचे स्थान मिळवून दिले. हा वारसा आपल्याकडे आपोआप येत नाही; तो हाती धरावा लागतो. तो हाती धरण्याची बुद्धी आपणां सर्वांस, विशेषतः आपल्या मुलामुलींस होवो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.